सर्व्हर बदलताना कुणाचा अर्ज हरवू नये म्हणून

दुपारचे चार वाजले होते. एका प्रवेशप्रक्रियेच्या संकेतस्थळावर मी छोटीशी दुरुस्ती चढवत होते. मागे दोन सर्व्हर, पुढे येणारी माणसं त्या दोघांत वाटून देणारा लोड बॅलन्सर. एक बंद केला तरी दुसरा आहेच, या भरवशावर पहिला सरळ रीस्टार्ट केला. दहा मिनिटांनी हेल्पलाईनवरचा एक फोन माझ्याकडे वळवला गेला. पलीकडे एक आई होती. मुलीचा पाच पानी अर्ज भरत ती चौथ्या पानापर्यंत आली होती. दाखल्याचा क्रमांक टाकून ‘पुढे जा’ दाबलं आणि समोर लॉगिनचं पान आलं. परत लॉगिन केलं तर अर्ज कोरा. “कॅफेत बसलेय मॅडम, तासाचे पैसे भरलेत,” एवढंच त्या म्हणाल्या.

लोड बॅलन्सरने त्या दिवशी आपलं काम चोख केलं होतं. पहिला सर्व्हर गेल्याचं त्याला कळलं आणि त्याने बाईंना दुसऱ्याकडे पाठवलं. पण या कोण, कुठल्या पानावर होत्या, हे दुसऱ्या सर्व्हरला ठाऊकच नव्हतं. चूक माझी होती. फेलओव्हर, म्हणजे एक सर्व्हर पडला की काम दुसऱ्याकडे वळवणं, ही अपघातासाठी केलेली सोय आहे. डिस्क गेली, वीज गेली, प्रोसेस कोसळली, अशा वेळी ती धावून येते. डिप्लॉयची, म्हणजे नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवण्याची, वेळ आपण ठरवतो, मग सर्व्हर गेल्याचा शोध लोड बॅलन्सरला स्वतःचा स्वतः का लागावा? त्याला आधी सांगायला हवं.

बँकेत काउंटर कसा बंद होतो ते आठवा. आधी ‘काउंटर बंद’ची पाटी लागते. नवी माणसं शेजारच्या रांगेत जातात, समोर उभ्या असलेल्यांचं काम उरकतं आणि मग कारकून खुर्चीवरून उठतो. नोटा मोजता मोजता तो निघून जात नाही. खाली जे सांगते आहे ते एवढंच, फक्त सर्व्हरच्या भाषेत.

उदाहरणासाठी मी रोज वापरते तीच मांडणी घेते: पुढे एचएप्रॉक्सी हा लोड बॅलन्सर, मागे जावाचं अ‍ॅप्लिकेशन चालवणारे दोन टॉमकॅट. आमच्याकडे सर्व्हरना नद्यांची नावं देतात, म्हणून एक कृष्णा आणि एक कोयना. तुमच्याकडे एनजिनएक्स असेल, क्लाउडचा बॅलन्सर असेल, कुबरनेटीस असेल. बटणं बदलतील, क्रम हाच राहील.

आधी हिशेब: एकटी कोयना पेलेल का?

हे कुणी विचारत नाही आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. दोन्ही सर्व्हरचा सीपीयू गर्दीच्या वेळी ७० टक्क्यांवर असेल, तर कृष्णा बाहेर काढल्यावर कोयनेवर १४० टक्के येणार. म्हणजे डिप्लॉय सुरू करताच दुसराही सर्व्हर आपण आपल्या हाताने पाडणार. दोनच सर्व्हर असतील तर प्रत्येकी भार निम्म्याच्या बराच खाली हवा. तो नसेल तर गर्दी ओसरल्यावर डिप्लॉय करा, किंवा त्या वेळेपुरता तिसरा सर्व्हर उभा करा. सीपीयूबरोबर डेटाबेसच्या जोडण्याही मोजा. कोयनेच्या पूलमध्ये, म्हणजे उघडून ठेवलेल्या जोडण्यांच्या साठ्यात, ५० जोडण्या असतील आणि दोघींचं मिळून काम ७० जोडण्यांचं असेल, तर सीपीयू निवांत असूनही लोक ताटकळतील.

सेशन कुठे राहतं ते शोधा

त्या बाईंचा अर्ज हरवला तो इथे. टॉमकॅट मुळात सेशन, म्हणजे हा माणूस कोण आणि त्याने आतापर्यंत काय भरलं याची नोंद, स्वतःच्या मेमरीत ठेवतो आणि ब्राउझरकडे जेसेशनआयडी नावाची कुकी देतो. ती कुकी म्हणजे टोकन. टोकन कृष्णेचं आणि सामान कृष्णेच्या कपाटात, मग ते टोकन कोयनेला दाखवून काय मिळणार? म्हणून बहुतेक ठिकाणी लोड बॅलन्सर स्टिकी केलेला असतो: एकदा कृष्णेकडे गेलेला माणूस पुढेही कृष्णेकडेच जातो. रोजच्या कामाला हे पुरतं. कृष्णा बंद करायच्या दिवशी मात्र सामान जातंच.

यावर तीन वाटा आहेत आणि तिन्ही मी चालून पाहिल्या आहेत.

पहिली, टॉमकॅटचं स्वतःचं क्लस्टरिंग. सेशनमधला बदल दुसऱ्या सर्व्हरलाही कळवला जातो. त्यासाठी वेब डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाईलीत ‘डिस्ट्रिब्युटेबल’ लिहावं लागतं आणि सेशनमध्ये ठेवलेली प्रत्येक वस्तू सीरियलायझेबल, म्हणजे बाइट्समध्ये उतरवून पाठवता येईल अशी, असावी लागते. सर्व्हर एकमेकांना ओळखतात ते डीफॉल्टने मल्टिकास्टवरून (एकच संदेश गटातल्या सगळ्यांना), २२८.०.०.४ हा पत्ता आणि ४५५६४ पोर्ट. ऑफिसच्या नेटवर्कवर हे छान चालतं. क्लाउडमध्ये मल्टिकास्ट बऱ्याचदा बंद असतं, आणि मग दोन्ही सर्व्हर शेजारी असूनही एकमेकांना दिसत नाहीत.

दुसरी वाट, सेशन बाहेर ठेवणं, बहुधा रेडिस या वेगळ्या, मेमरीतल्या साठ्यात. सर्व्हर कुठलाही असो, कपाट एकच. मला ही पटते. पण यातही एक खड्डा आहे. डिप्लॉय चालू असताना कोयना जुन्या आवृत्तीवर असते आणि कृष्णा नव्या, आणि दोघी एकच सेशन वाचतात. नव्या आवृत्तीत तुम्ही ‘अर्जदार’ या क्लासमध्ये एक फील्ड वाढवलं, सीरियल व्हर्जन यूआयडी (क्लासचा आवृत्ती-क्रमांक) स्वतः लिहिलेला नाही आणि साठवण जावाच्या मूळ सीरियलायझेशनने होते आहे, असं असेल तर सेशन वाचताना इन्व्हॅलिड क्लास एक्सेप्शन येतं. सगळी तयारी करूनही माणूस लॉगिनच्या पानावर फेकला जातो.

म्हणून तिसरी वाट, आणि नव्यांना माझा आग्रह हिचाच: सेशनमध्ये जवळजवळ काही ठेवूच नका. वापरकर्त्याचा क्रमांक आणि फारतर कुठल्या पानावर आहे तो आकडा. अर्ज, बास्केट, अर्धवट भरलेलं काहीही प्रत्येक ‘पुढे जा’ला डेटाबेसमध्ये मसुदा म्हणून जाऊ दे. मग सेशन गेलं तरी बिघडतं ते एवढंच की परत लॉगिन करावं लागतं. भरलेली चार पानं तिथेच असतात. त्या फोननंतर आम्ही आधी हेच केलं. लोड बॅलन्सरला हात नंतर लावला.

हेल्थ चेक: पोर्ट उघडा आहे म्हणजे दुकान उघडं आहे असं नाही

हेल्थ चेक म्हणजे सर्व्हर ठीक आहे का, हे लोड बॅलन्सरने वेळोवेळी तपासणं. एचएप्रॉक्सीत सर्व्हरच्या ओळीत नुसतं ‘चेक’ लिहिलं, तर तो फक्त टीसीपी जोडणी होते का एवढंच पाहतो. टॉमकॅट तर सुरू होतानाच पोर्ट धरून बसतो. अ‍ॅप्लिकेशन चढायला अजून अर्धा मिनिट असतं. तेवढ्या वेळात लोड बॅलन्सर म्हणतो ‘उठला’, आणि माणसं आत सोडतो. म्हणून एचटीटीपी चेक लावा आणि त्यासाठी अ‍ॅप्लिकेशनमध्ये वेगळा पत्ता ठेवा. खरोखर तयार झाल्यावरच त्याने २०० (‘ठीक आहे’ असं उत्तर) द्यावा.

त्या पत्त्यात डेटाबेस तपासावा का, हा नेहमीचा वाद. मी तपासत नाही. डेटाबेस दोन सेकंद अडखळला तर दोन्ही सर्व्हर एकदम ‘आजारी’ ठरतात आणि मागे कुणीच न उरल्याने प्रत्येकाला ५०३ (‘सेवा उपलब्ध नाही’) दिसतो. सुरू होताना डेटाबेसशी एकदा जोडणी झाली, पूल भरला, एवढं पाहून ‘तयार’ म्हणावं. पुढे डेटाबेस अडखळला तर त्याची चूक पानावर नीट शब्दांत दाखवावी.

आता आकडे बघा, म्हणजे नुसत्या फेलओव्हरवर का विसंबू नये ते कळेल. एचएप्रॉक्सी डीफॉल्टने दर २ सेकंदांनी तपासतो आणि सलग ३ तपास चुकले की सर्व्हर पडला असं मानतो. म्हणजे साधारण ६ सेकंद. तुमच्याकडे सेकंदाला ४० रिक्वेस्ट येत असतील तर त्यातल्या २० कृष्णेकडे जाणार. ६ सेकंदांत १२० झाल्या. ज्यांना जोडणीच मिळाली नाही त्यांना ‘रीडिस्पॅच’ पर्याय लावलेला असेल तर कोयनेकडे वळवता येतं. पण ज्यांची रिक्वेस्ट कृष्णेने हातात घेतली होती आणि उत्तर द्यायच्या आत ती गेली, त्यांच्या पदरी ५०२ (‘मागच्या सर्व्हरकडून धड उत्तर नाही’) पडतो.

अशी रिक्वेस्ट परस्पर कोयनेकडे पाठवावी असं वाटेल. फी भरायचं बटण दाबलेली रिक्वेस्ट असेल तर? कृष्णेने पैसे कापले असतील आणि फक्त ‘झालं’ म्हणायचं राहिलं असेल. तीच रिक्वेस्ट परत पाठवली तर पैसे दोनदा जातील. याच कारणाने एनजिनएक्सने १.९.१३ या आवृत्तीपासून पोस्ट रिक्वेस्ट, म्हणजे माहिती भरून पाठवणारी, एकदा सर्व्हरकडे गेली की आपणहून दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवणं बंद केलं. तो डीफॉल्ट बदलू नका.

पाटी लावणं: ड्रेन आणि मेंट

आता प्रत्यक्ष काम. एचएप्रॉक्सीला चालू असताना हुकूम देता येतो, स्टॅट्स सॉकेटवरून. त्या सॉकेटला कॉन्फिगमध्ये ‘अ‍ॅडमिन’ पातळीचा अधिकार दिलेला हवा. सर्व्हरच्या तीन अवस्था लक्षात ठेवा: रेडी, ड्रेन आणि मेंट.

ड्रेन म्हणजे नव्या माणसांना इकडे पाठवू नका, पण ज्यांच्याकडे इकडची स्टिकी कुकी आहे त्यांना येऊ द्या. हेल्थ चेक चालूच राहतो. मेंट म्हणजे कुणीच नाही, कुकीवालेसुद्धा नाहीत. ते आता कोयनेकडे जातील. मेंट केल्यावर हेल्थ चेकही थांबतो. ज्या रिक्वेस्ट आधीच कृष्णेच्या हातात आहेत त्या मात्र मेंटनेही तुटत नाहीत, पूर्ण होतात.

तर क्रम असा. कृष्णेला ड्रेन करा. स्टॅट्सच्या पानावर तिच्या ओळीत चालू सेशनचा (इथे अर्थ जोडण्यांचा) आकडा असतो, तो बघत बसा. माझ्या समोर तो साधारण असा उतरतो: ३८, २१, १२, ९, ९, ७, ९. पहिल्या मिनिटात झपाट्याने, मग रेंगाळत, कधी परत वर. ही रेंगाळणारी मंडळी म्हणजे लांबलचक अर्ज भरणारी, नाहीतर टॅब उघडा टाकून जेवायला गेलेली, ज्यांचं पान दर मिनिटाला आपणहून काहीतरी विचारतं. आकडा पूर्ण शून्य होण्याची वाट बघायला गेलात तर संध्याकाळ होईल. सेशन बाहेर ठेवलेलं असेल किंवा मसुदा डेटाबेसमध्ये असेल, तर १० मिनिटं थांबून मेंट करा. रेंगाळणारे कोयनेकडे जातील आणि त्यांना कळणारही नाही. सेशन अजून मेमरीतच असेल तर मात्र घाई करू नका, सेशनच्या मुदतीइतका वेळ द्या. टॉमकॅटमध्ये ती डीफॉल्टने ३० मिनिटं असते.

एक गोष्ट ठळक लिहून ठेवा: सॉकेटवरून दिलेले हुकूम एचएप्रॉक्सी रीलोड केला की विसरले जातात, अवस्था जपून ठेवणाऱ्या स्टेट फाईलची सोय मुद्दाम केलेली नसेल तर. तुम्ही कृष्णा उघडून बसला आहात आणि शेजारच्या सहकाऱ्याने प्रमाणपत्र बदलून रीलोड केलं, तर कृष्णा परत रेडी होते आणि माणसं अर्धवट चढलेल्या अ‍ॅप्लिकेशनवर येऊन आदळतात. डिप्लॉय चालू असताना लोड बॅलन्सरला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हे ग्रुपवर आधी सांगा.

क्लाउडमध्ये हीच पाटी वेगळ्या नावाने असते. अ‍ॅमेझॉनच्या बॅलन्सरमध्ये तिला डीरजिस्ट्रेशन डिले म्हणतात, डीफॉल्ट ३०० सेकंद. पाच मिनिटं जास्त वाटतात म्हणून तो आकडा शून्य करून ठेवलेलाही मी पाहिला आहे. तसं करू नका. तुमची सगळ्यात हळू रिक्वेस्ट, बहुधा मोठी पीडीएफ अपलोड करणारी, किती वेळ घेते ते मोजा आणि त्याहून जास्त ठेवा.

सर्व्हर बंद करणं

किल मायनस नाईन, म्हणजे प्रोसेस जागच्या जागी मारणारा सिगकिल, वापरू नका. त्या सिग्नलला अ‍ॅप्लिकेशनला काही आवरायला वेळच मिळत नाही. साध्या स्टॉपने सिगटर्म (‘आवरून बंद हो’ असा सिग्नल) जातो, आणि स्प्रिंग बूट हे जावाचं फ्रेमवर्क असेल तर २.३ आवृत्तीपासून ग्रेसफुल शटडाऊनची सोय आहे: नव्या रिक्वेस्ट बंद, चालू असलेल्यांना डीफॉल्टने ३० सेकंद. वरची, म्हणजे प्रोसेस बंद करणाऱ्या यंत्रणेची, मुदत नेहमी आतल्या अ‍ॅप्लिकेशनच्या मुदतीपेक्षा मोठी ठेवा. लिनक्सवर सेवा चालवणारा सिस्टमडी सहसा ९० सेकंद थांबून मग सिगकिल देतो, त्यामुळे तिथे निभतं. कुबरनेटीस ३० सेकंदच देतो, म्हणजे तुमचे ३० आणि त्याचे ३० एकाच वेळी संपतात. तिथे वाढवून घ्या.

नवी वॉर फाईल (जावाच्या वेब अ‍ॅप्लिकेशनचं गाठोडं) नुसती फोल्डरमध्ये टाकून टॉमकॅटला आपोआप बदलू देणं सोपं वाटतं. त्या बदलात जुन्या अ‍ॅप्लिकेशनची चालू कामं संपण्यासाठी तो डीफॉल्टने फक्त २ सेकंद थांबतो. शिवाय दहाबारा वेळा असं केलं की जुने क्लास मेमरीत साचत जातात. सर्व्हर रिकामा झालाच आहे, तर पूर्ण बंद करून नवी फाईल ठेवून सुरू करा.

डेटाबेस, जो दोघींचा एकच आहे

कृष्णा नवी आणि कोयना जुनी असा काळ येणारच, मग तो पाच मिनिटांचा असो की अर्ध्या तासाचा. त्या काळात टेबल असं हवं की दोघींना चालेल. समजा ‘दूरध्वनी’ कॉलमचं नाव ‘मोबाईल’ करायचं आहे. सरळ नाव बदललंत तर त्या क्षणी कोयना कोसळेल. आधी नवा कॉलम वाढवा, रिकामा चालेल असा. मग कोड असा चढवा की लिहिताना दोन्हीत लिहील, वाचताना अजून जुन्यातून. तो कोड दोघींवर आला की जुन्या ओळी भरून घ्या. पुढच्या डिप्लॉयला वाचन नव्यातून करा, आणि त्याच्याही पुढच्याला जुन्यात लिहिणं थांबवा. कॉलम काढायचा तो त्यानंतर. एका नावासाठी इतका खटाटोप जिवावर येतो, पण कॉलम काढेपर्यंत यातल्या कुठल्याही टप्प्यावरून एक पाऊल मागे येता येतं.

जावास्क्रिप्ट आणि सीएसएसच्या फाईलींचं असंच आहे. पान नव्या कृष्णेने दिलं आणि त्यातली नवी फाईल ब्राउझरने कोयनेकडे मागितली तर ४०४ (‘सापडली नाही’). फाईलीच्या नावातच तिचा हॅश (मजकुरावरून निघणारा ठसा) ठेवा आणि डिप्लॉयच्या आधी नव्या फाईली दोन्ही सर्व्हरवर टाकून घ्या, जुन्या न पुसता.

परत आत घेण्याआधी

कृष्णा सुरू झाली. लगेच रेडी करू नका. मेंटमधून बाहेर काढलेल्या सर्व्हरला एचएप्रॉक्सी सहसा लगेच चालू समजतो. तपास चुकेपर्यंत माणसं आत आलेली असतात. म्हणून लोड बॅलन्सरला वगळून थेट कृष्णेच्या पत्त्यावर जा. आवृत्तीचा क्रमांक नवा दिसतो का पाहा. लॉगिन करा, एक चाचणी अर्ज पाचव्या पानापर्यंत भरा, एक फाईल अपलोड करा. लॉगमध्ये एक्सेप्शन शोधा. हे हाताने दोनतीन वेळा केलं की आणखी एक फायदा होतो: जावाचं अ‍ॅप्लिकेशन सुरुवातीला जड चालतं, ते जरा गरम होतं.

मग रेडी, पण वजन, म्हणजे माणसं पाठवण्याचा वाटा, नेहमीच्या १० टक्के. हेही सॉकेटवरून होतं. पाचेक मिनिटं लॉग बघा, ५०, मग १०० टक्के. एचएप्रॉक्सीत ‘स्लोस्टार्ट’ लावलेला असेल तर पडून उठलेल्या सर्व्हरसाठी ही चढण तो स्वतः करतो; तरी पहिले काही डिप्लॉय हाताने करा, अंदाज येतो.

एचएप्रॉक्सीच्या लॉगमध्ये प्रत्येक ओळीत रिक्वेस्ट कशी संपली त्याची अक्षरं असतात. मी दोन जोड्या शोधते. ‘एससी’ म्हणजे सर्व्हरने जोडणीच नाकारली, आणि ‘एसएच’ म्हणजे उत्तराची वाट बघत असताना सर्व्हरने मध्येच सोडून दिलं. पहिली दिसली तर पाटी उशिरा लागली किंवा लवकर निघाली. दुसरी दिसली तर कुणाचं तरी काम अर्ध्यावर तुटलं. ती ओळ कुठल्या पत्त्याची आहे ते वाचा, फी भरण्याची असेल तर त्या माणसाचा व्यवहार डेटाबेसमध्ये तपासा आणि त्याचा फोन यायची वाट न बघता त्याला कळवा.

खऱ्या सर्व्हरवर जाण्याआधी हे सगळं चाचणीच्या सर्व्हरवर एकदा करा. शेजारच्या खिडकीत दर पाव सेकंदाला एक रिक्वेस्ट पाठवणारी छोटी स्क्रिप्ट चालू ठेवा आणि २०० सोडून जे काही येईल ते मोजा. आमच्या पहिल्या तालमीत अशा १७ ओळी आल्या होत्या. चौथ्या तालमीत एकही नाही, आणि मगच आम्ही तारीख ठरवली.

राहिली कोयना. तिला लगेच हात लावू नका. ती जुन्या आवृत्तीवर उभी आहे तोवर परत फिरणं म्हणजे फक्त कृष्णेला पुन्हा बाहेर काढणं, मिनिटाभराचं काम. दोघी नव्या झाल्या की परतायला पुन्हा पूर्ण डिप्लॉय लागतं. मी अर्धा तास थांबते. तेवढ्या वेळात निदान एक अर्ज नव्या कृष्णेवर पहिल्या पानापासून पावतीपर्यंत गेलेला लॉगमध्ये दिसला, की कोयनेला ड्रेन करते.